रिंगा बसेपर्यंत

ताईच्या गाडीमागून निळा धूर येत होता आणि ताई हसत होती.

"नवीन आहे रे," ती म्हणाली. "तान्हं बाळसुद्धा सुरुवातीला दूध ओकतंच की."

मीही हसलो. माझा चेहराच तसा आहे. इंजेक्शन घेतानासुद्धा मी हसतो, आणि नर्स सुई सांभाळून धरते, हा काहीतरी करणार म्हणून. पण नजर त्या धुरावरच होती. इंजिन बसवून आठवडा उलटून गेला होता. धूर पांढरा असता तर म्हटलं असतं पाणी, काळा असता तर म्हटलं असतं डिझेल जास्त जातंय. निळा म्हणजे ऑइल जळतंय. आणि नव्याकोऱ्या इंजिनाने ऑइल पिणं म्हणजे लग्नाच्या दुसऱ्या दिवशी नवरी बॅग घेऊन माहेरी येणं. कुठेतरी बिनसलंय.

ताई शाळेच्या पोरांची ने-आण करते. केस पिकायला लागले तोवर दुसऱ्यांच्या गाड्या चालवल्या, दुसऱ्यांच्या गाड्या पुसल्या, दुसऱ्यांच्या गाड्यांच्या नावाने शिव्या खाल्ल्या. ही पहिली स्वतःची. गाडी जुनीच, पण रंग नवा, सीट नव्या, आणि इंजिन तर खोक्यातून काढून बसवलेलं. सोमवारी धुराची तपासणी होती. पास झाली तर मंगळवारपासून शाळेचा रूट तिचा. नापास झाली तर शाळेने दुसरा ड्रायव्हर बघून ठेवला होता, आणि तो बेटा गाडी धुऊन तयारच बसला होता.

मी स्पेअर पार्टच्या दुकानात काउंटरवर असतो. ऑइल, फिल्टर, बेल्ट, रिंगा, आणि वर फुकटात थापा. सगळे मला टोप्या म्हणतात. शाळेत असताना मास्तरांपासून आजतागायत जो भेटला त्याला टोपी घातली, म्हणून. सायलेन्सरला पाजायचं तेल मागायला मी भल्याभल्यांना समोरच्या दुकानात पाठवलंय. पण ऑइलच्या बाबतीत ताईशी थट्टा केली नव्हती. मी स्वतः तिला साधं ऑइल दिलं होतं आणि बजावलं होतं, पहिलं ऑइल हेच, यात काहीही मिसळायचं नाही.

त्या संध्याकाळी ताईकडेच जेवायला होतो. दाजी हात धुवायला उठले ते बेसिनपाशीच रमले. साबण लावतात, धुतात, उजेडात धरून बघतात, परत साबण. मी मागून डोकावलो. बोटांवर काळपट चंदेरी चकाकी होती, शिसपेन्सिलीचं टोक घासल्यावर येते तशी. ही चकाकी मी ओळखतो. ती साबणाला भीक घालत नाही.

"दाजी," मी कानात म्हणालो, "पेन्सिली खाता का?"

दाजींनी नळ आणखी मोठा केला.

"टोपीराव, जरा जिन्यात या."

जिन्यात आल्यावर त्यांनी दोन्ही हात खिशात घातले, चोरीचा माल लपवावा तसे.

"किती टाकली?" मी विचारलं.

"काय?"

"दाजी, मी दिवसभर खोटं बोलतो. माझ्यासमोर नवशिक्याने हात साफ करू नये."

"एक डबा," दाजी म्हणाले. मग जरा थांबून, "आणि आज दुसऱ्याचा अर्धा."

"कशाला पण?"

"झिजू नये म्हणून!"

दाजी पत्र्याचे डबे करणाऱ्या कारखान्यात मेंटेनन्सला आहेत. तिथे पत्रा दाबणारा एक म्हातारा प्रेस आहे, तो दाजींच्याही आधीपासून तिथे आहे आणि बहुतेक नंतरही असेल. त्याची बेअरिंगं रडायला लागली की दाजी काळी पावडर घातलेलं ग्रीस देतात आणि तो गप्प बसतो. मॉलीची पावडर. तेल पिळून निघून गेलं तरी ही लोखंडाला चिकटून राहते आणि लोखंडाला लोखंड लागू देत नाही. त्या एका प्रेसमुळे दाजींचा पावडरीवर जो विश्वास बसला, तो माणसांवर पण नाही. घरातलं त्यांनी काही सोडलं नाही. पंख्याला तेल, बिजागऱ्यांना तेल, कुलपात इतकं तेल की किल्ली बोटांतून सटकते. ताईच्या शिलाई मशीनला तेल दिलं तेव्हा तिचा नवा ब्लाऊज काखेत डागाळला. तेव्हाच ताईने सांगितलं होतं, माझ्या गाडीला तुमचं बोट लागलं तर मी माहेरी जाईन. माहेर म्हणजे माझं घर, तेव्हा धमकी मलाही होतीच.

"म्हातारा प्रेस त्या पावडरीवर उभा आहे," दाजी म्हणत होते. "म्हटलं, म्हाताऱ्याला एवढी लागू पडते, तर नव्याला पहिल्या दिवसापासून दिली तर कधी झिजणारच नाही."

"तेच झालंय. झिजत नाहीये."

"मग चांगलंच झालं की!"

मी तिथेच पायरीवर बसलो आणि त्यांना समजावलं. दाजी, पिस्टनला रिंगा असतात. त्या ज्या नळकांड्यात वरखाली होतात त्याला लायनर म्हणतात, आणि नव्या लायनरला आतून मुद्दाम बारीक रेघा मारलेल्या असतात, खरखरीत. का? तर रिंगा आणि लायनर दोघंही नवे, एकमेकांच्या मापाचे नाहीत. सुरुवातीला त्यांनी एकमेकांना जरा घासायचं. दोघांनी थोडं थोडं झिजायचं. त्या झिजेतूनच ते एकमेकांना घट्ट बसतात, आणि मग वरचा गॅस खाली येत नाही, खालचं ऑइल वर जात नाही. तुम्ही मध्ये अशी गुळगुळीत पावडर पेरलीत की दोघं एकमेकांना लागतच नाहीत. नुसते शेजारून जातात. नमस्कार पण नाही.

खरं सांगायचं तर याबाबतीत धंद्यात दोन तट आहेत. काहीजण म्हणतात पावडर पहिल्या दिवसापासून टाका, इंजिन लवकर सुळसुळीत होतं. तशी छान चाललेली इंजिनं मी पाहिलीत, उगाच कशाला नाकारू. पण ती मंडळी गाडी हाणत होती. भरलेली गाडी, चढाचा रस्ता. तिथे गॅसच्या दाबाने रिंगा लायनरवर रेटल्या जातात, पावडर असो नसो. आमची ताई गाडी कशी चालवायची? डोक्यावर अंड्यांची टोपली असल्यासारखी. नवं इंजिन म्हणून तिसऱ्या गिअरच्या वर जायची नाही. रिकामी गाडी बाजारापर्यंत न्यायची आणि आणायची, वर बॉनेटवर हात फिरवायची. एकाने पावडर पाजली, दुसरीने लाड केले. बिचाऱ्या रिंगांना कामाला कोणी लावलंच नाही.

दाजींचा चेहरा उतरत उतरत पार गळ्यापर्यंत आला.

"आता?"

"आता मी फिटरला विचारतो."

"हिला सांगू नका, टोपीराव. पाया पडतो. तिची गाडी हो ती."

ते 'तिची गाडी हो ती' असं काही म्हणाले, की मला पुढची थट्टा सुचलीच नाही.

फिटर म्हणजे ज्याने इंजिन बसवलं तो. तोंडात कायम लवंग, आणि शब्द असे काढतो जसे त्याच्याच खिशातले जातायत. सकाळी दुकानात आला तेव्हा मी सगळं सांगितलं. त्याने लवंग एका गालातून दुसऱ्या गालात नेली.

"लायनरची काच झाली असेल तर उघडावं लागेल."

काच म्हणजे त्या बारीक रेघा भरून जाऊन लायनर आतून आरशासारखा गुळगुळीत होणं. मग काहीही करा, रिंगा बसत नाहीत. इंजिन उतरवायचं, पिस्टन काढायचे, परत रेघा मारायच्या.

"सोमवारपर्यंत होईल?"

"नाही."

"आणि काच झाली नसेल तर?"

"ते ऑइल काढ. फिल्टर बदल. साधं घाल. गाडी माणसांनी भर. चढावर दाब, उतारावर सोड. परत. परत."

"आणि मग?"

"बसल्या तर बसल्या."

"कळायचं कसं?"

"चालू इंजिनावर ऑइलचं झाकण उघड, तळहात धर. आत्ता फुंकेल. बसल्या तर फुंक कमी होईल."

"तूच ताईला सांग ना. तुझं ऐकेल."

"ती विचारेल ऑइलमध्ये काय होतं." तो उठला. "मी खोटं बोलत नाही."

असे मित्र असले की शत्रू शोधायला बाहेर जावं लागत नाही.

मग मीच गेलो. म्हटलं, दाजींचं नाव न घेता खरं तेवढं सांगू.

"ताई, ऑइल बदलू या. आणि गाडी जरा हाण तू. नव्या इंजिनाला सुरुवातीला ताण लागतो."

ताई काच पुसत होती. फडकं तसंच धरून माझ्याकडे बघितलं आणि खो खो हसली.

"हाण म्हणे! मामाला उन्हाळी हवा विकलीस तशी मला विकतोस होय?"

ते एक प्रकरण होतं. मी मामाला पटवलं होतं की टायरमध्ये हिवाळी हवा राहिली तर उन्हाळ्यात टायर फुटतो, ती काढून उन्हाळी भरावी. मामा पंक्चरवाल्याकडे जाऊन भांडून आला, तू मला हिवाळीच भरलीस म्हणून.

"ताई, आईशपथ सांगतो."

"उन्हाळी हवेच्या वेळी पण आईशपथच होती. नशीब, आई ठणठणीत आहे." तिने परत फडकं फिरवलं. "जा रे टोप्या. माझ्या गाडीची थट्टा नको करूस. बाकी कशाचीही कर."

हे असं आहे बघा. थाप मारली की सगळं गाव रांगेत उभं राहतं. आयुष्यात एकदा काउंटरबाहेर खरं बोललो, तर हशा.

दाजींचं नाव घेतलं असतं तर तिने ऐकलं असतं, कबूल. पण ताई चिडली की चार दिवस कशाला हात लावत नाही, नुसती बसते. आमच्याकडे चार दिवस नव्हते.

शनिवारी दुपारी ती शाळेत पालकांना भेटायला गेली. मी आणि दाजी गाडीखाली शिरलो. इंजिन गरम करून घेतलं, खाली तसराळं ठेवलं, नट सोडला. ऑइल आलं ते काळं, ते एरवीही काळं होतंच. पण शेवटी शेवटी जे आलं ते ऑइल नव्हतं, शिसं वितळवल्यासारखा चकाकणारा चिखल होता.

"केवढी चांगली पावडर हो," दाजी हळहळले.

"दाजी, रडायचं नंतर. फिल्टर द्या."

तेवढ्यात चपला ऐकू आल्या. ताईच्या. टाचा घासत चालते ती. आमचे दोघांचे पाय गाडीबाहेर, बाकी सगळं आत.

"खाली काय करताय रे?"

दाजींनी डोळे मिटून घेतले, लहान मुलं घेतात तसे, म्हणजे आपण दिसत नाही.

"मांजर!" मी ओरडलो. "मांजर शिरलंय, ताई."

"मग हुसकव ना."

"हुसकवू कशी? बाळंतीण आहे. पिल्लं आहेत."

मग ताईचा आवाज एकदम मऊ. "अगं बाई. किती?"

"चार," दाजी म्हणाले. गरज नव्हती.

ताई आत गेली आणि वाटीत दूध घेऊन आली. वाटी आमच्या पायांशी ठेवून म्हणाली, "तिला त्रास देऊ नका. ती स्वतःहून जाईपर्यंत मी गाडी काढायची नाही. आठवडा लागू दे."

दार लागल्याचा आवाज आला. दाजी माझ्याकडे बघत होते. मी त्या नटाकडे.

"टोपीराव," दाजी म्हणाले, "तुम्हाला उंदीर सुचला नाही?"

नट आवळला, फिल्टर बसवला, साधं ऑइल घातलं. आणि मग दोन मोठी माणसं घरोघर रिकामं खोकं शोधत हिंडली. संध्याकाळी मी खोक्यात जुनी चादर कोंबून, वर हात धरून, ताईसमोरून पावलं मोजत गेलो. "बघू तरी," म्हणत ती धावली. "डोळे उघडले नाहीत अजून, नजर लागेल," म्हणत मी पळालो. कोपऱ्यावर खोकं टाकलं आणि भिंतीला टेकलो. छाती धाडधाड उडत होती. खोटं बोलून माझी छाती कधी उडत नाही.

राहिला वजनाचा प्रश्न. ताईने वाळूचं एक पोतं नव्या सीटवर ठेवू दिलं नसतं. पण पोत्याला नाही म्हणता येतं, मामाला येत नाही. मी शनिवारी रात्री फोनाफोनी केली, आणि नातं बघून नाही, आकार बघून. मामा आणि मामी. मामाचे दोन्ही मुलगे. ते घराणं भरदार. मोठी मावशी. ताईचा दीर, जो तराफ्यावर बसला तर बाकीच्यांनी उतरावं. आईला वगळलं. आई वजनाने कमी आणि डोक्याने जास्त.

मामाला सांगितलं, डोंगरावर पाण्याच्या टाकीजवळ एक घर रिकामं होतंय, हवा अशी की खोकला पळतो. मावशीला सांगितलं, तिथे गुडघ्याचा डॉक्टर बसतो, फक्त रविवारी. दिराला नुसतं सांगितलं, जेवण आहे.

रविवारी सकाळी सगळे नटूनथटून दारात. ताई बघतच राहिली.

"सगळे? वर? आज?"

"तुझ्या नव्या गाडीत बसायचा पहिला मान आमचा," मामा म्हणाला आणि चढला. गाडी एका बाजूला बसली. मग दीर चढला आणि ती दुसऱ्या बाजूला बसली. ताईचा चेहरा असा झाला की जणू कोणी तिच्याच पाठीवर चढतंय. पण बोलली नाही. दाजी तिच्या शेजारी पुढे. मी अगदी मागे, काचेला नाक लावून, धुरावर नजर ठेवून.

निघण्याआधी मी ऑइलचं झाकण उघडून हात धरला होता. फट्फट्फट्, गरम वाफेने तळहात उचलला जात होता. ओला झाला. रिंगांशेजारून गॅस खाली निसटत होता, सरळ.

चढ सुरू झाला. ताईने दुसरा टाकला आणि पाय हलका ठेवला. गाडी गोगलगाईसारखी. मागे निळी शेपूट. एक स्कूटरवाला त्यात शिरला, खोकत बाहेर आला, आणि जाताना ताईला हाताने काहीतरी म्हणून गेला.

"ताई, दाब की जरा!" मी ओरडलो.

"गप रे. नवीन आहे."

"सावकाश चालव बाई," मामी म्हणाली. "पोरगी कशी छान चालवते, पाणी हलणार नाही पोटातलं."

माझ्या पोटातलं सगळं हलत होतं. ही अशीच वर गेली आणि अशीच खाली आली तर झालं, उद्या नापास.

"ताई! मागे ॲम्ब्युलन्स आहे! पळव, पळव!"

ताईने काय केलं? गाडी कडेला घेऊन थांबवली. ॲम्ब्युलन्सला वाट द्यायला. रस्ता मागे मैलभर रिकामा.

"टोप्या," ती आरशातून म्हणाली, "एक दिवस. एक दिवस सोडशील मला?"

दाजी पुढे बसून हात चोळत होते. मला त्यांची फक्त मान दिसत होती, घामाने चकाकणारी. गाडी परत निघाली, तशीच, कुरकुरत. वळण आलं, चढ आणखी उभा झाला, आणि ताईने पाय आणखी काढला.

"अगं दाब!" दाजी ओरडले.

दाजी कधी ओरडत नाहीत. कारखान्यात आग लागली तरी ते अर्ज करून सांगतील.

"अहो, काय झालं तुम्हाला?"

"दाब, दाब म्हणतो! मी पावडर टाकली. ऑइलमध्ये. दीड डबा. झिजू नये म्हणून. तिला झिजायचं होतं गं. तो धूर माझा आहे. टोपीराव खरं बोलत होते. मांजर नव्हतं. उद्या नापास होशील तू, आणि माझ्यामुळे होशील. दाब!"

मावशी म्हणाली, "मांजर कुठलं?"

ताई समोर बघत होती. तिचे कान लाल झाले, मग मान. मग तिचा पाय खाली गेला, पार तळापर्यंत, दाजींचा पाय खाली असता तर मोडला असता.

गाडीने डरकाळी फोडली. आम्ही सगळे मागे फेकलो गेलो. मामाची टोपी माझ्या मांडीत, मावशीची पिशवी दिराच्या तोंडावर. ताई वळणावर पाय काढत होती आणि सरळ रस्ता आला की सगळा राग परत पेडलवर. मागे आता शेपूट नव्हती, निळ्या धुराचं आभाळच होतं. मामी डोळे मिटून पुटपुटत होती. मी देवाचं नाव घ्यावं की फिटरचं, ठरत नव्हतं. लायनरची काच झाली असेल तर एवढ्या ताणाने ऑइल उलट जास्त जळेल. तसाच वास येत होता.

डोंगरावर टाकी होती, वारा होता, आणि दुसरं काहीच नव्हतं.

"घर कुठाय?" मामा.

"डॉक्टर?" मावशी.

"जेवण?" दीर.

"बसा," ताई म्हणाली. "उतरायचं नाही कोणी."

मी तिला खिडकीतून सांगितलं, उतारावर गिअर काढू नकोस, पाय सोड, इंजिनालाच गाडी रोखू दे. तिने मान हलवली नाही, पण तसंच केलं. खाली आलो. परत वर. परत खाली. मावशी म्हणाली, "अगं, माझे गुडघे!" ताई म्हणाली, "मावशी, खाली गेल्यावर उतरून पळता आलं तर डॉक्टर लागू पडला असं समज." मामाने मागे वळून माझी गचांडी धरायचा प्रयत्न केला, पण वळण आलं आणि तो मामीच्या मांडीत गेला.

मला वाटतं तिसऱ्या चढावर शेपूट जरा विरळ झाली. मला वाटतं, कारण मी इतका वेळ बघत होतो की डोळ्यांत पाणी होतं. टाकीपाशी मी उतरून झाकण उघडलं. हात धरला. फुंक होती. पण मघाशी हात उचलत होती, आता नुसती गुदगुल्या करत होती. की माझा हातच बधिर झाला होता?

"दाजी, तुम्ही धरा."

दाजींनी हात धरला. ताई शेजारी येऊन उभी राहिली. त्यांच्याकडे न बघता तिने त्यांचा हात बाजूला केला आणि स्वतःचा ठेवला. बराच वेळ ठेवला.

"हे कमी व्हायला पाहिजे ना?" तिने मला विचारलं.

"हो."

"थट्टा नाही?"

"नाही, ताई."

"बसा," ती म्हणाली. मंडळी कण्हली आणि बसली.

त्या रात्री ती दाजींशी बोलली नाही. ताट मात्र वाढलं. दाजींनी मला फोन करून विचारलं, हे चांगलं लक्षण आहे का. मला इंजिनाचं काय झालं तेच माहीत नव्हतं, तर संसाराचं कुठून माहीत असणार.

सोमवारी तपासणीच्या आवारात गाड्यांची रांग. आमच्या पुढची गाडी नापास झाली. तिचा मालक मशीनवाल्याशी भांडला, मग मशीनशी भांडला, मग गप्प होऊन निघून गेला. तो धूर तर मला आमच्यापेक्षा बरा वाटला होता. मी हे कोणाला सांगितलं नाही.

मशीनवाला तरुण होता, कंटाळलेला. त्याने सायलेन्सरमध्ये नळी खुपसली.

"पूर्ण दाबा. सोडा म्हटलं की सोडा."

ताईने दाबलं. अर्धंच. सवय.

"अहो बाई, पूर्ण. अर्ध्याला मशीन घेत नाही."

तिने परत दाबलं. भप्पकन एक करडा-निळा ढग निघाला. मशीनवर आकडा चढला. मी तो बघितला आणि दाजींचा दंड धरला.

"सोडा. परत."

दाबलं. ढग लहान. सोडलं. परत. आता करडा नुसता, निळा असला तर माझ्या मनातला. परत. मशीनवाला पडद्याकडे बघत, कान खाजवत. त्याला जांभई आली. जांभई पूर्ण होईपर्यंत आम्ही तिघं श्वास रोखून.

"झालं," तो म्हणाला.

"झालं म्हणजे काय?" दाजी इतके जवळ गेले की तो मागे सरला.

"पास. काठावर आहे. ऑइल बघत जा. पुढे घ्या."

दाजी मटकन खाली बसले, तिथेच, ऑइलच्या डागावर, पांढऱ्या पॅंटमध्ये. मागची गाडी हॉर्न वाजवायला लागली. ताईने गाडी पुढे घेतली नाही. दोन्ही हात स्टिअरिंगवर, डोळे भरलेले, आणि दातांत ओठ धरलेला, लहानपणी सायकल शिकताना धरायची तसा.

"ओ बाई, पुढे घ्या ना," मशीनवाला म्हणाला.

"परत एकदा दाबू?"

"कशाला? झालंय की."

"असंच," ताई म्हणाली, आणि त्याने नळी काढायच्या आत पाय तळापर्यंत नेला.